झोपेत अंग जखडतं, छातीवर कोणी बसतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी चेतासंस्थेचा धडा झाला की तास संपल्यावर एखादी मुलगी टेबलापाशी रेंगाळते. बाकीच्या बाहेर जाईपर्यंत थांबते आणि हळूच विचारते, "मॅडम, रात्री जाग येते पण हलताच येत नाही, असं कुणाला होतं का?" होतं. मला स्वतःला सतराव्या वर्षापासून होतं. त्या मुलींनी, त्यांच्या आयांनी आणि आमच्या स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांनी आजवर जे विचारलं ते इथे एकत्र केलं आहे.

हे नक्की काय असतं?

माझा पहिला अनुभव सांगते, म्हणजे तुमचं आणि माझं एकच आहे का ते कळेल. बारावीचं वर्ष होतं, ऑक्टोबरचा उकाडा. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात मी आणि ताई शेजारी शेजारी झोपायचो. पहाटे वीज गेली आणि मला जाग आली. पंखा थांबलेला होता. त्याच्या पात्यांच्या कडेला साठलेली काळी धूळसुद्धा मला स्पष्ट दिसत होती. ताईचं कोपर माझ्या दंडाला लागलेलं जाणवत होतं. आणि मला बोटही हलवता येत नव्हतं. "ताई" म्हणायला गेले तर जीभ हलेना. दाराच्या खिळ्याला बाबांचा रेनकोट अडकवलेला होता. त्याला आधी खांदे आले, मग तो दारापासून सुटून गादीकडे यायला लागला. छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं. तेवढ्यात खाली दूधवाल्याने फाटक वाजवलं आणि एका झटक्यात अंग सुटलं. रेनकोट जागच्या जागी होता. मी दरदरून घामाघूम. ताई गाढ झोपेत.

याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. मराठीत कुणी निद्रा-पक्षाघात म्हणतं, पण तो शब्द मला आवडत नाही, कारण पक्षाघात म्हटलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो आणि याचा त्या आजाराशी संबंध नाही. मन जागं झालेलं असतं, शरीर अजून झोपेतून सुटलेलं नसतं. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. मग आपोआप मोकळं.

पण शरीर हलत का नाही?

कारण ते हलू नये अशी व्यवस्था रोज रात्री आपल्या सगळ्यांच्या मेंदूत होत असते. फक्त एरवी आपण ती पाहायला जागे नसतो.

झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाचं एक चक्र, अशी रात्रीतून चार-पाच चक्रं होतात. प्रत्येक चक्राच्या शेवटी पापण्यांआड बुबुळं भराभर हलायला लागतात. ही रेम झोप. शिकागो विद्यापीठातल्या आझरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती १९५३ साली जगासमोर मांडली. ठळक, लांबलचक स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात. स्वप्नात आपण पळतो, जिने चढतो, कुणाला तरी ढकलतो. त्याबरहुकूम हातपाय खरोखर हलले तर शेजारी झोपलेल्याचं काही खरं नाही. म्हणून मेंदूच्या देठातून मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि ग्लायसिन व गाबा ही रसायनं स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी गप्प करतात. मान, हात, पाय, जीभ, सगळं सैल पडतं. दोनच गोष्टी सुटतात: डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा पडदा.

कधी कधी जाग आधी येते आणि ही कुलपं उघडायला थोडा उशीर होतो. झालं इतकंच. रेम झोप पहाटेकडे लांबत जाते, त्यामुळे बऱ्याच जणांना हा प्रकार उजाडायच्या सुमारास होतो. काहींना झोप लागता लागताही होतो.

मला गुदमरल्यासारखं होतं. श्वास खरंच बंद पडतो का?

नाही. पडदा म्हणजे डायफ्रॅम चालूच असतो आणि प्राणवायू मिळत असतो. बरगड्यांमधले स्नायू मात्र सैल असतात, त्यामुळे मुद्दाम मोठा श्वास घ्यायला गेलात तर तो घेता येत नाही. जागेपणी आपण कधी असं अडलेलो नसतो, म्हणून मन घाबरून जातं. घाबरल्यावर आणखी हवा हवीशी वाटते, आणखी जोर लावला जातो, तो निष्फळ जातो, आणि छातीवर कोणीतरी बसलंय हीच समजूत पक्की होते. छातीवरचं ते वजन यातूनच तयार होतं. श्वासाशी झटायचं सोडून तो जसा उथळ येतोय तसा येऊ दिला की वजन उतरतं, हे मी स्वतः कितीतरी वेळा अनुभवलं आहे.

मग ती काळी आकृती? मी ती डोळ्यांनी पाहिली. मी खोटं बोलत नाही.

तुम्ही खोटं बोलत नाही, आणि हे मला सगळ्यात आधी सांगायचं असतं. "भास झाला असेल, झोप आता" असं म्हणून मुलीला गप्प करणाऱ्या घरांचा मला राग येतो. तिने पाहिलं. ते खोलीत नव्हतं, तिच्या मेंदूत होतं, पण तिला ते खोलीतच दिसलं.

डोळे उघडे, खोली खरी, आणि त्यात स्वप्नाचा कारखाना अजून चालू. माझ्या रेनकोटाला खांदे फुटले ते असे. त्यात मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, रेम झोपेत एरवीच फार सक्रिय असतो. शरीर हलत नाही म्हटल्यावर तो धोका शोधायलाच लागतो, आणि अंधारात शोधलं की सापडतं.

"कोणीतरी आहे" ही जाणीव कुठून येते याचा एक विलक्षण पुरावा २००६ साली मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये शहार आर्झी, ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी फेफऱ्याच्या एका रुग्ण महिलेची शस्त्रक्रियेआधी तपासणी करत होते. तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या-मागच्या भागात, त्यांनी हलका विद्युतप्रवाह दिला. तिला लगेच आपल्या पाठीमागे एक सावलीसारखं माणूस असल्याचं जाणवलं. ती बसली की ते बसे. प्रवाह थांबवला की माणूस नाहीसं. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशेब मेंदूचा तो भाग ठेवतो. हिशेब चुकला की आपलीच छाया दुसरं कुणी होऊन उभी राहते. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करून ऐकतात.

काहींना आकृती दिसत नाही. कानात घूं असा आवाज येतो, पावलं वाजतात, कोणी पांघरूण ओढतं, किंवा आपण गादीवरून वर उचलले जातोय असं वाटतं. तेही यातलंच.

आमच्या गावाकडे म्हणतात मुंज्या दाबतो. सगळ्यांना सारखंच का दिसतं?

दाबल्याची जाणीव सगळीकडे सारखी असते, दाबणारा मात्र ज्याच्या त्याच्या गावचा असतो. पिंपळाखालून रात्री जाऊ नको, असं ऐकत वाढलेल्याला मुंज्या दिसतो. कुणाला हडळ, कुणाला पांढऱ्या साडीतली बाई. जपानमध्ये याला कनाशिबारी म्हणतात, म्हणजे लोखंडाने जखडल्यासारखं. कॅनडातल्या न्यूफाउंडलँड बेटावर छातीवर एक म्हातारी चेटकीण येऊन बसते. डच वैद्य इसब्रांट फान डीमरब्रूक यांनी १६६४ साली पन्नाशीच्या एका बाईची हकिगत लिहून ठेवली आहे: रात्री सैतान अंगावर येऊन पडतो, दम कोंडतो, हातपाय हलवता येत नाहीत. ही हकिगत नाशिकच्या एखाद्या आजीने सांगितली असती तर कुणाला वेगळी वाटली नसती.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट संशोधक बालांद जलाल यांनी इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना करून दाखवली. इजिप्तमध्ये अनेक जण याला जिन्नाची करणी मानतात, तिथे या अनुभवात आपण मरणार ही भीती कितीतरी जास्त होती, आणि अंग जखडण्याचा काळही जास्त लांबत होता. घरात जी गोष्ट सांगितली जाते तीच रात्री परत येते. म्हणून मी आयांना कळकळीने सांगते, मुलीसमोर "बाहेरचं आहे" हा शब्द उच्चारू नका. त्या एका शब्दाने पुढची कित्येक वर्षं तिला झोपायची भीती वाटते.

यात जीव जातो का?

नाही. मोठमोठ्या माणसांनाही मी हाच प्रश्न डोळ्यांत पाणी आणून विचारताना पाहिलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. अंग आपोआप सुटतं, दर वेळी.

किती जणांना होतं?

२०११ साली शार्पलेस आणि बार्बर या संशोधकांनी ३५ अभ्यास आणि त्यांतल्या ३६,५३३ लोकांची माहिती एकत्र केली. साधारण लोकांत ७.६ टक्के जणांना आयुष्यात निदान एकदा हा अनुभव आला होता, विद्यार्थ्यांत मात्र २८.३ टक्के. माझ्या ८० मुलांच्या वर्गाला हा आकडा लावला तर वीस-बावीस जणं होतात. हात वर करा म्हटलं तर दोनच होतात.

मलाच का? मी तर कुणाचं वाईट केलं नाही.

वाईट केल्याचा काही संबंध नाही. झोपेची घडी विस्कटली की हे होतं, आणि आपल्या नाशिकमध्ये झोपेची घडी विस्कटायला कारणं भरपूर आहेत.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्या घ्या. एक आठवडा पहिली, दुसऱ्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. शरीराचं घड्याळ एका वेळेला रुळतंय तोवर पाळी बदलते. निफाड-दिंडोरीकडे शेतीची वीज रात्रीची असली की दोन वाजता उठून मोटार चालू करायला जावं लागतं, आणि थंडी वाढली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवायला. परत येऊन माणूस थकून उताणा पडतो. आणि उताणं झोपणं हे याचं एक ठरलेलं निमित्त आहे.

विद्यार्थ्यांचं वेगळंच. पहाटे चारचा गजर लावायचा, तासभर वाचायचं, मग डोळे मिटायला लागले की "फक्त वीस मिनिटं" म्हणून पांघरुणात शिरायचं. जपानमध्ये १९९२ साली संशोधकांनी प्रयोगशाळेत जवळपास हेच केलं होतं. लोकांना झोपेतून उठवलं, तासभर जागं ठेवलं, मग पुन्हा झोपू दिलं. काही जण थेट रेम झोपेत शिरले आणि त्यांतल्या काहींचं अंग जखडलं. हे वाचलं तेव्हा मला माझा बारावीचा ऑक्टोबर आठवला. त्या महिन्यात मी रोज अशीच झोपत होते.

याशिवाय अपुरी झोप, मनावरचा ताण, एखादा मोठा धक्का, दारू, ही कारणं आहेतच. काही घराण्यांत जास्त आढळतं. माझ्या आईलाही व्हायचं, हे मला तिने मी तिशीत गेल्यावर सांगितलं. तोवर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

चालू असताना काय करायचं?

झटू नका. हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, म्हणून दिवसा सराव करा. जलाल यांनी सुचवलेली पद्धत मला उपयोगी पडली ती माझ्या शब्दांत सांगते. पहिल्यांदा मनात म्हणा: मला माहीत आहे हे काय आहे, हे संपणार आहे. मग घाबरण्याचं कारण नाही, हे स्वतःला सांगा. दिसणाऱ्या आकृतीकडे लक्ष न देता मन आत वळवा, एखाद्या प्रेमाच्या माणसाच्या चेहऱ्याकडे किंवा तोंडपाठ असलेल्या ओळीकडे. मी रामरक्षा म्हणते, लहानपणापासून पाठ आहे म्हणून. शेवटचं म्हणजे स्नायू ढिले सोडा, हलायचा प्रयत्नच करू नका.

कुणाला पायाचा अंगठा किंवा एक बोट हळूहळू हलवल्याने सुटका मिळते. डोळे तर हलतातच, ते डावी-उजवीकडे फिरवून बघा. सुटल्यावर लगेच डोळे मिटू नका, नाहीतर पुन्हा त्यातच शिराल. उठा, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, पाच मिनिटं बसा.

पुन्हा होऊ नये म्हणून?

झोपायची आणि उठायची वेळ एक ठेवा, रविवारीसुद्धा. कुशीवर झोपा, रात्रीत उताणे वळत असाल तर पाठीमागे एक लोड लावून ठेवा. रात्री उशिरा चहा-कॉफी नको. चारचा गजर लावणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे की उठलात तर उठलेलेच राहा, नाहीतर सरळ सहापर्यंत झोपा. पाळीवाल्यांना वेळ आपल्या हातात नसते. त्यांनी निदान दिवसाच्या झोपेला खोली जाड पडद्याने अंधारी करावी, फोन बंद ठेवावा, आणि घरच्यांनी ती झोप रात्रीच्या झोपेइतकीच मानावी. "दुपारचा काय झोपतोस" हे वाक्य रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कुणी बोलू नये.

घरचे म्हणतात त्र्यंबकला जाऊन विधी करून घेऊ. करू का?

पूजेने मन शांत होत असेल तर मी मध्ये पडणार नाही. शांत मन झोपेला चांगलंच. पण कर्ज काढून विधी नको, आणि "पितरं त्रास देतात" हे ओझं मुलीच्या डोक्यावर नको. मीठ-मोहरी ओवाळून आई शेजारी बसली तर त्यातली आईची जवळीक कामाला येते. एखादा भगत अंगातलं काढतो म्हणून बांधायला, मारायला किंवा मिरच्यांची धुरी द्यायला निघाला तर मात्र तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. सरळ पोलिसांकडे जा.

आमचा पाच वर्षांचा मुलगा रात्री किंचाळत उठतो. हेच का?

बहुतेक नाही. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत लहान मूल किंचाळतं, डोळे उघडे असतात, तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी काहीच आठवत नाही, त्याला नाइट टेरर म्हणतात. तो गाढ झोपेतला प्रकार आहे. स्लीप पॅरालिसिसमध्ये माणूस किंचाळूच शकत नाही आणि त्याला सगळं आठवतं.

हा मानसिक आजार आहे का?

नाही. धडधाकट माणसालाही होतो. चिंता, नैराश्य किंवा मोठा आघात सोसलेल्यांना जास्त होतो हे खरं, आणि तसं काही असेल तर त्यावर उपचार घेतले की हेही कमी होतं. मनातलं बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

वर्षातून दोन-चारदा होत असेल तर गरज नाही. आठवड्याला होऊ लागलं, किंवा झोपायचीच धास्ती बसली, तर जा. सिव्हिलमध्ये किंवा एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडे, मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलात तरी चालेल. जाताना महिनाभराची नोंद न्या: किती वाजता झोपलो, किती वाजता झालं, कसं पडलो होतो.

चार गोष्टींकडे मात्र कानाडोळा नको. दिवसा बोलता बोलता अनावर झोप येते आणि मोठ्याने हसलं की गुडघे लटपटतात, असं असेल तर नार्कोलेप्सीची शंका घ्यावी लागते. त्यात जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी झालेल्या असतात. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकून दचकून जागं होणं असेल तर रात्रभराची स्लीप स्टडी करून घ्या. आणि सकाळी उठल्यावर अशक्तपणा जात नसेल, एकच बाजू लुळी वाटत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर "काल रात्रीसारखंच असेल" म्हणून वाट पाहू नका. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दोन्ही पायांतली ताकद जाऊन ती तासन्‌तास परत येत नसेल तर रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं असू शकतं. त्यालाही दवाखानाच.

फार त्रास असेल तर डॉक्टर रेम झोप कमी करणारी गोळी देतात. ती आपल्या मनाने सुरू करू नका, आणि मुख्य म्हणजे एकदम बंद करू नका. दाबलेली रेम झोप उसळून परत येते.

शेजारी झोपलेल्याला कळतं का? त्याने काय करावं?

बघणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. पापण्या किलकिल्या, श्वास उथळ आणि भराभर, कधी घशातून बारीक कण्हल्यासारखा आवाज. तेवढं कळलं तर नाव घ्या आणि हाताला स्पर्श करा. गदागदा हलवू नका, अंगावर ओरडू नका. बाहेरच्या स्पर्शाने बहुतेकांचं अंग लगेच सुटतं. सुटल्यावर काय दिसलं ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.

आमच्याकडे माझ्या नवऱ्याला आता तो श्वास ओळखता येतो. तो झोपेतच माझी करंगळी चिमटीत धरतो, मी डोळे नीट उघडते, आणि मग तो विचारतो, "रेनकोट?"